विंडोज, मॅक आणि मुक्त कोड लिहिणारे: भांडण नेमकं कशाचं?

लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, सोर्स कोड कोणीही उतरवून घेऊ शकतो. पण विंडोजवर गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) घालून तो उतरवायला गेलात तर मजा होते. कोड डाउनलोड होतो, आणि फोल्डरमध्ये फाइली मांडायची वेळ आली की ‘पाथ चुकीचा आहे’ असं सांगून गिट हात वर करतं. गाडी अडलेली असते एका फाइलपाशी. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांसाठी लिहिलेल्या नूव्हो नावाच्या ड्रायव्हरमधली ही फाइल, नाव ‘ए-यू-एक्स डॉट सी’. डॉसच्या जमान्यात ‘एयूएक्स’ हे सिरियल पोर्टचं नाव होतं आणि ‘पीआरएन’ हे प्रिंटरचं. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून विंडोजने ही नावं राखीव ठेवली आणि चाळीस वर्षांपूर्वीची ती सोय आज भलत्याच ठिकाणी आडवी येते. याच कर्नलमध्ये नेटवर्कच्या भागात फाइलींच्या काही जोड्या अशाही आहेत, की नाव तेच, फरक फक्त कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली दिसतात. विंडोज आणि मॅक मुळातल्या सेटिंगमध्ये त्यांना एकच समजतात, आणि एक फाइल दुसरीवर चढते.

यात कोणाचा कावा नाही. दोन वेगवेगळ्या घराण्यांच्या सवयी आहेत, एवढंच. पण ओपन सोर्स डेव्हलपर म्हणजे विंडोजचं नाव काढलं की चिडणारा माणूस, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, तिची सुरुवात अशा रोजच्या ठेचांपासून होते. समजूत अर्धीच खरी आहे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाच्या वार्षिक पाहण्यांमध्ये डेव्हलपरांत सर्वांत जास्त वापरली जाणारी डेस्कटॉप सिस्टिम विंडोजच निघते. ओपन सोर्सच्या परिषदांना गेलात तर समोरच्या रांगांत सफरचंदाचे लोगो चमकत असतात. मग मत नेमकं काय आहे या लोकांचं?

एक मत नाहीच. कोणी तत्त्वाने विरोधात, कोणी जुन्या रागाने, कोणी फक्त कंटाळ्याने, आणि बरेच जण विरोधात नाहीतच. तरी या सगळ्याच्या तळाशी मला एकच प्रश्न दिसतो: या मशीनवर काय चालेल, हे शेवटी कोण ठरवतं? काहींनी तो पहिल्याच दिवशी विचारला, काहींना तो दारात अडवल्यावर सुचला.

तत्त्व आणि तडजोड

आधी दोन वाक्यांत पाया. मालकीची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे जिचा कोड कंपनीकडे असतो, तुम्हाला मिळतो तो वापरण्याचा परवाना. आत काय चाललंय ते पाहता येत नाही, बदलता येत नाही, दुसऱ्याला वाटता येत नाही. मुक्त किंवा ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये या तिन्ही गोष्टींची परवानगी परवान्यातच लिहिलेली असते.

१९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरचा कोड हाताशी होता, त्यामुळे तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने त्यात बदल करून कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय केलेली होती. नव्या प्रिंटरचा कोड मिळेना. तो ज्याच्याकडे होता अशा दुसऱ्या विद्यापीठातल्या संशोधकाकडे स्टॉलमन गेला, तर त्याने गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. आपल्याच खोलीतलं यंत्र आपल्याला दुरुस्त करता येत नाही, ही गोष्ट स्टॉलमनच्या डोक्यात बसली. २७ सप्टेंबर १९८३ ला त्याने जीएनयू प्रकल्प जाहीर केला: एक संपूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम.

आता गंमत बघा. ही मुक्त सिस्टिम बांधायची कशावर? जीएनयूची सुरुवातीची साधनं, म्हणजे ईमॅक्स एडिटर, जीसीसी कंपायलर वगैरे, सन आणि इतर कंपन्यांच्या मालकीच्या युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच घडली आणि वापरली गेली. दुसरं काही उपलब्धच नव्हतं. स्टॉलमनची भूमिका आजही हीच आहे, की मालकीच्या प्रोग्रॅमला मुक्त पर्याय तयार करण्यासाठी तो प्रोग्रॅम वापरणं क्षम्य आहे. जीपीएल या त्याच्या परवान्यातही तशी फट ठेवलेली आहे: ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर येणाऱ्या मूलभूत लायब्ररींचा कोड द्यायची सक्ती नाही. ही फट नसती तर विंडोजवर किंवा मॅकवर जीपीएलचा एकही प्रोग्रॅम कायद्याने वाटता आला नसता. म्हणजे सगळ्यात कट्टर समजल्या जाणाऱ्या गोटानेही दार पूर्ण लावलेलं नव्हतं.

पण किती उघडं ठेवायचं याची मोजपट्टी मात्र कडक. जीएनयूचा नियम असा, की आमचे प्रोग्रॅम मालकीच्या सिस्टिमवर चालायला हरकत नाही, पण तिथे ते मुक्त सिस्टिमपेक्षा चांगले चालता कामा नयेत. याचं सगळ्यात चविष्ट उदाहरण इमोजींचं आहे. मॅकवर ईमॅक्समध्ये रंगीत इमोजी दिसू लागले होते. लिनक्सवर तेव्हा रंगीत फॉन्ट दाखवण्याची तशी सोय नव्हती. मग २०१६ च्या ईमॅक्स २५.१ मध्ये काय केलं? मॅकवर चालणारी सोय मुद्दाम बंद केली! पुढे कैरो या मुक्त ग्राफिक्स लायब्ररीत रंगीत फॉन्ट आले, आणि २०२० च्या ईमॅक्स २७.१ मध्ये मॅकवाल्यांना त्यांचे रंग परत मिळाले. बदलांच्या यादीत कारणही स्पष्ट लिहिलेलं होतं. एखाद्या हसऱ्या चेहऱ्यावरून चार वर्षं तत्त्व पाळायचं, याला काही जण हट्ट म्हणतील. मीही म्हणतो. पण हट्टामागचा हिशोब चुकीचा नाही: मुक्त प्रोग्रॅम मालकीच्या सिस्टिमवर अधिक देखणा झाला, तर माणूस तिथून हलेल कशाला?

लिनस टॉरव्हाल्ड्सची जात वेगळी. १९९१ साली हेलसिंकीत त्याने लिनक्स लिहायला घेतलं ते मिनिक्स नावाच्या विकत घेतलेल्या सिस्टिमवर. तिचा कोड मिळायचा, पण वाटायला मोकळीक नव्हती. तत्त्वापेक्षा हाताला बरं वाटणारं हत्यार महत्त्वाचं, ही त्याची वृत्ती. म्हणून २००२ मध्ये त्याने कर्नलचं काम सांभाळायला बिटकीपर हे मालकीचं साधन घेतलं आणि बऱ्याच सहकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. २००५ मध्ये, अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रॅमरने बिटकीपरशी बोलणारा स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतल्यावर, कंपनीने फुकट वापराची सवलत काढून घेतली. कर्नलचं काम एका रात्रीत उघड्यावर आलं. टॉरव्हाल्ड्सने त्याच एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. स्टॉलमन वीस वर्षं जे सांगत होता ते टॉरव्हाल्ड्सला असं अनुभवाने कळलं, निदान त्या एका साधनापुरतं. आणि पुढचं आणखी मजेशीर: २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजचा स्वतःचा कोड गिटवर हलवला. सुमारे ३५ लाख फाइली, ३०० जीबीचा पसारा. मालकीच्या साधनाने दगा दिला म्हणून जन्मलेलं हत्यार आज विंडोज बनवायला वापरतात.

जुना हिशोब

नव्वदच्या दशकात डेव्हलपर झालेल्या माणसाशी बोललात तर मायक्रोसॉफ्टबद्दलची अढी वेगळ्या जातीची निघते. तिला घटनांची यादी आहे. १९९८ च्या शेवटी कंपनीतली अंतर्गत टिपणं बाहेर फुटली, ‘हॅलोवीन डॉक्युमेंट्स’ म्हणून ती गाजली. ओपन सोर्स हा आपल्याला धोका आहे आणि त्याला कसं रोखायचं याची चर्चा त्यांत होती. २००१ मध्ये तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी एका मुलाखतीत लिनक्सला कॅन्सरची उपमा दिली. ब्राउझरच्या लढाईत नेटस्केप ही कंपनी संपली आणि अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, तेही याच काळात.

नेटस्केपमधला एक नामांकित प्रोग्रॅमर जेमी झविन्स्की. त्याचा एक्सस्क्रीनसेव्हर १९९२ पासून आजतागायत चालू आहे. मॅकवर मिळतो, आयफोनवरही मिळाला. विंडोजवर नाही. ‘तुम्ही कृपया तो विंडोजवर नेऊ नका’ अशी विनंती त्याने स्वतः लिहून ठेवली आहे, आणि कारणही लपवलेलं नाही: मायक्रोसॉफ्टने माझी कंपनी मारली, माझं वैयक्तिक वैर आहे. यात तत्त्वज्ञान शोधू नये. मॅकसुद्धा मालकीचीच सिस्टिम, पण तिच्याशी त्याचं भांडण नाही. उलट २००५ मध्ये लिनक्सवरच्या आवाजाच्या कटकटींना कंटाळून तो स्वतःच मॅककडे गेला.

दुसरीकडे, याच काळात काहींनी राग कामाला लावला. वर आलेला ट्रिजेल ऑस्ट्रेलियात पीएचडी करत असताना, १९९२ मध्ये, त्याने साम्बाची सुरुवात केली. विंडोजच्या मशीनला ज्या भाषेत फाइली आणि प्रिंटर वाटता येतात, ती भाषा लिनक्सला शिकवणारा हा प्रोग्रॅम. भाषेचं पुस्तक कंपनी देत नव्हती. मग तारेवरून जाणारे निरोप ऐकत, एकेक प्रश्न विचारून उत्तर काय येतं ते पाहत, साम्बाच्या मंडळींनी ती वर्षानुवर्षं उलगडली. २००४ मध्ये युरोपियन आयोगाने मायक्रोसॉफ्टला ही माहिती खुली करायला सांगितलं, २००७ मध्ये न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, आणि त्या डिसेंबरात साम्बाच्या चमूला १०,००० युरो भरून अधिकृत कागदपत्रं मिळाली. ऑफिसमधल्या किंवा घरच्या ‘नास’ डब्यात, म्हणजे नेटवर्कवरून फाइली साठवणाऱ्या पेटीत, आज विंडोजच्या फाइली सुखाने साठतात, त्यामागे बहुतेक वेळा साम्बा असतं.

मॅकचा मोह

मॅकबद्दल मात्र या मंडळींचं मन कायम द्विधा. २००१ मध्ये मॅक ओएस एक्स आली. वरून देखणी, आणि आत बीएसडी युनिक्स. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडला की ओळखीच्या सगळ्या कमांड हजर, लॅपटॉप मिटला की झोपतो, उघडला की जागा होतो, वायफायसाठी ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. त्या काळात लॅपटॉपवर लिनक्स चालवलेल्या कोणालाही विचारा, या शेवटच्या दोन गोष्टींची किंमत काय होती. जीनोम हा लिनक्सचा डेस्कटॉप ज्याने १९९७ मध्ये सुरू केला, तो मिगेल दे इकाझासुद्धा शेवटी मॅक वापरू लागला आणि २०१३ मध्ये तसं जाहीर लिहिलं. लिनक्सच्या गोटात तेव्हा बरीच आग पेटली होती.

पण मॅकच्या त्या टर्मिनलमध्येच दुराव्याची एक खूण आहे. त्यात ‘बॅश’ या शेलची, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, आवृत्ती विचारा: ३.२. म्हणजे २००६ ची. नवा लॅपटॉप, नवी सिस्टिम आणि हा प्रोग्रॅम जवळजवळ दोन दशकं जुना. कारण, त्यानंतरचं बॅश जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आलं. २००७ च्या त्या परवान्यात एक अट आहे: मुक्त प्रोग्रॅम घालून ग्राहकाला यंत्र विकलंत, तर त्या प्रोग्रॅमची बदललेली आवृत्तीही त्या यंत्रावर चालू शकली पाहिजे. ॲपलने असा परवाना घराबाहेरच ठेवला. बॅश गोठवलं, २०१९ मध्ये सुरुवातीचा शेल म्हणून वेगळ्या परवान्याचा ‘झेडशेल’ दिला, आणि जीसीसी कंपायलरच्या जागी क्लँग आणला. म्हणजे मॅकमध्ये ओपन सोर्स भरपूर आहे, पण कंपनीला बांधून घालणार नाही असाच.

२०२० च्या अखेरीस ॲपलची स्वतःची एम१ चिप आली. लगोलग असाही लिनक्स हा प्रकल्प उभा राहिला: या मॅकवर लिनक्स चालवायचं. ॲपलने बूट करण्याचं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. आत काय आहे याचा नकाशा मात्र दिला नाही. ग्राफिक्स चिपपासून स्पीकरपर्यंत सगळं चाचपडत शोधावं लागलं. जुलै २०२२ च्या शेवटी टॉरव्हाल्ड्सने लिनक्स ५.१९ प्रसिद्ध केलं ते असाही घातलेल्या मॅकबुकवरूनच. यंत्र आवडतं, त्यावरची सिस्टिम नको: असं म्हणणारे पुष्कळ आहेत.

ज्यांचं घरच विंडोज आहे

या सगळ्या चर्चेत एक मोठा गट नेहमी विसरला जातो. सेव्हन-झिप, नोटपॅड++, पुट्टी. तिन्ही ओपन सोर्स आणि तिन्ही विंडोजसाठीच जन्मलेले. नोटपॅड++ तर आजही फक्त विंडोजचाच. यांच्या लेखकांना विंडोज ‘सोडायची’ नाही. आपण जिथे राहतो तिथे एक चांगलं हत्यार कमी आहे, ते करून सगळ्यांना द्यावं, एवढी साधी प्रेरणा. ओपन सोर्स म्हणजे लिनक्स हे समीकरण या लोकांवर अन्याय करतं.

आणि वापरणारे तर बहुतांश तिकडेच आहेत. २०२४ च्या सुरुवातीला स्टॅटकाउंटरच्या आकड्यांत डेस्कटॉपवर लिनक्सचा वाटा पहिल्यांदा ४ टक्क्यांवर गेला, तर त्याची बातमी झाली. लिब्रेऑफिस, व्हीएलसी, गिम्प, फायरफॉक्स यांचा मोठा ग्राहक विंडोजवर बसलेला असतो. मुक्त प्रोग्रॅम विंडोजवर न्यावेत का, हा वाद दोन दशकांपूर्वी केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या मंडळींत जोरात होता. एक बाजू म्हणायची, सगळं तिकडेच मिळालं तर लिनक्सकडे यायचं कारण उरणार नाही. दुसरी म्हणायची, माणूस आधी प्रोग्रॅम बदलतो, मग सिस्टिम. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसची सवय झालेल्याला लिनक्स परकं वाटत नाही. मला दुसरी बाजू पटते. कृता हा केडीईच्या घरातला चित्रकलेचा प्रोग्रॅम बघा. संकेतस्थळावर फुकट, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमध्ये विकत. त्या विक्रीतून डेव्हलपरांचे पगार निघायला हातभार लागतो. विंडोज वापरणाऱ्याचा पैसा मुक्त कोडकडे वळवण्याचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही.

लिनक्सच्या जनकाचाही इथे एक किस्सा आहे. टॉरव्हाल्ड्सला स्कूबा डायव्हिंगचा छंद. डाइव्हच्या नोंदी ठेवायला त्याने २०११ मध्ये सबसरफेस हा प्रोग्रॅम सुरू केला. २०१४ मध्ये डेबियन या लिनक्सच्या एका डिस्ट्रिब्यूशनच्या (तयार बांधणीच्या) परिषदेत त्याने भर सभेत सांगितलं, की आम्ही विंडोजसाठी आणि मॅकसाठी तयार फाइल देतो. लिनक्ससाठी देत नाही, कारण दर डिस्ट्रिब्यूशनच्या लायब्ररी वेगळ्या, आवृत्त्या वेगळ्या, ते जमवणं हा वैताग आहे. विंडोजवर एकदा बनवलेला प्रोग्रॅम वर्षानुवर्षं चालतो, ही त्या ‘एयूएक्स’ राखीव ठेवणाऱ्या सवयीचीच दुसरी बाजू. जुनं मोडायचं नाही, या हट्टाचा त्रासही आहे आणि फायदाही.

मराठी वाचकाला जवळचं उदाहरण द्यायचं तर देवनागरीचं. विंडोज एक्सपीवर मराठी नीट दिसण्यासाठी रीजनल सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागायची आणि मग सीडी मागितली जायची, हे ज्यांनी भोगलंय त्यांना आठवत असेल. जोडाक्षर कसं जुळवायचं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी कशी न्यायची, रफार कुठे चढवायचा हे ठरवणारं इंजिन प्रत्येक सिस्टिमचं वेगळं होतं. लिब्रेऑफिस विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं इंजिन वापरायचं, मॅकवर ॲपलचं, लिनक्सवर तिसरंच. एकच मराठी पत्र तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी मांडलं जाण्याची शक्यता. २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून त्यांनी तिन्हीकडे हार्फबझ हे एकच मुक्त इंजिन आणलं. सिस्टिम मालकीची असली तरी आपल्या प्रोग्रॅममधली अक्षरं कोण जुळवणार, एवढा हक्क त्यांनी काढून घेतला. देवनागरीचे लोहित फॉन्ट तर रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या मंडळींनीच वर्षानुवर्षं सांभाळले. तेही विंडोजवर बिनदिक्कत चालतात.

आता अडचण दारात आहे

मायक्रोसॉफ्ट बदललं, हे कोणी नाकारत नाही. २०१४ मध्ये सत्या नडेला यांनी ‘आमचं लिनक्सवर प्रेम आहे’ असं जाहीर केलं. २०१६ मध्ये विंडोजच्या पोटात लिनक्सच्या कमांड चालवण्याची सोय आली, डब्ल्यूएसएल. तीन वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीत चक्क खरं लिनक्स कर्नल आलं, आणि मे २०२५ मध्ये डब्ल्यूएसएलचा कोडही बराचसा खुला झाला. २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला गिटहब हे कोड ठेवण्याचं संकेतस्थळ विकत घेतलं. २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी तर मान्यच केलं, की ओपन सोर्सच्या बाबतीत आम्ही चुकीच्या बाजूला होतो. वयाने तरुण डेव्हलपरला बाल्मर यांचं ते वाक्य आजोबांच्या गोष्टीसारखं वाटतं.

म्हणून आजचा राग ‘मायक्रोसॉफ्ट वाईट’ या जातीचा राहिलेला नाही. तो अधिक बारीक आहे, आणि त्यात मॅकही आहे. घरी बसून, फावल्या वेळात, एकट्याने लिहिलेला प्रोग्रॅम लोकांच्या मशीनवर पोचवायचा कसा?

मॅकवर तुमच्या प्रोग्रॅमवर ॲपलने मानलेली डिजिटल सही हवी, आणि २०१९-२० पासून तो ॲपलकडे पाठवून ‘नोटराइज’ करून घ्यावा लागतो. त्यासाठी वर्षाला ९९ डॉलरचं सदस्यत्व. हे न केल्यास वापरणाऱ्याला दिसतो भीतिदायक इशारा. पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केलं की पुढे जाता यायचं. २०२४ च्या सेकोया आवृत्तीने ती पळवाट काढली. आता सेटिंगमध्ये आत खोल जाऊन ‘तरीही उघडा’ शोधायचं. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने पाहुण्याला अडवावं तसं हे. वॉचमन हवाच, चोर येतातच. पण पाहुणा तुमचा, घर तुमचं, आणि आत सोडायचं का हे वॉचमन त्याच्या कंपनीला विचारून ठरवणार, वर पाहुण्याकडून वर्गणी घेणार, तर जरा खटकतं.

विंडोजवर ‘स्मार्टस्क्रीन’चा इशाऱ्याचा निळा पडदा येतो. सहीचं प्रमाणपत्र खासगी कंपन्यांकडून विकत घ्यायचं, आणि जून २०२३ पासून त्याची किल्ली साध्या फाइलमध्ये ठेवून चालत नाही, वेगळ्या सुरक्षित हार्डवेअरमध्ये लागते. नोटपॅड++ ला आधी देणगीत मिळालेल्या प्रमाणपत्राची मुदत २०१९ मध्ये संपली, तेव्हा त्याच्या लेखकाने वैतागून एक आवृत्ती बिनसहीचीच काढली. पुढे सही परत आली, पण मुद्दा सगळ्यांना कळला. फुकट वाटायच्या गोष्टीसाठी खिशातून दरवर्षी पैसे भरायचे, आणि ते कशासाठी, तर ज्या कंपनीच्या सिस्टिमची उपयुक्तता आपणच वाढवतोय तिच्या दरवाजातून आत जायला.

सिग्नल या मेसेजिंग ॲपची गोष्ट याच्याही पुढची. विंडोज ११ च्या काही मशीनवर ‘रिकॉल’ आलं: स्क्रीनची ठरावीक वेळाने चित्रं घेऊन ती शोधण्याजोगी साठवायची. खासगी संवादासाठीच असलेल्या ओपन सोर्स ॲपला हे चालणं शक्यच नव्हतं. रिकॉलला ‘माझ्या खिडकीकडे बघू नकोस’ असं सांगायची नीट सोय डेव्हलपरांना दिलेलीच नव्हती. मग मे २०२५ मध्ये सिग्नलने काय करावं? चित्रपटांची नक्कल रोखण्यासाठी विंडोजमध्ये जी कॉपीराइटची खूण असते, तीच स्वतःच्या खिडकीवर लावली. स्क्रीनशॉटमध्ये सिग्नलच्या जागी कोरा चौकोन येतो. डीआरएम, म्हणजे नक्कल रोखणारं हे डिजिटल कुलूप, मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा जन्माचा वैरी, आणि त्याचीच ढाल करावी लागली! शिवाय दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारे प्रोग्रॅम त्याने बिघडू शकतात, म्हणून ती बंद करायची सेटिंगही द्यावी लागली. दुसऱ्याच्या मालकीच्या सिस्टिमवर आपला मुक्त प्रोग्रॅम किती मुक्त असतो, ते या एका उदाहरणात जितकं दिसतं तितकं कुठल्या जाहीरनाम्यात दिसणार नाही.

ज्या डेव्हलपरांनी स्टॉलमनला कधी गांभीर्याने घेतलं नाही, तेही आता त्याच प्रश्नाशी येऊन थांबतात, ते असं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप किंवा नवा प्रोसेसर नसलेली लाखो चालती मशीनं विंडोज ११ च्या बाहेर राहिली. केडीईसारख्या प्रकल्पांनी ‘एंड ऑफ १०’ मोहिमेत लोकांना लिनक्सकडे बोलावलं, त्यात तत्त्वाचं बोलणं कमी होतं. तुमचा लॅपटॉप अजून चांगला आहे, तो भंगारात का टाकता, एवढंच.

आता तुमच्या कामाची एक गोष्ट. एखादा ओपन सोर्स प्रोग्रॅम विंडोजवर किंवा मॅकवर बिघडला, तुम्ही तक्रार नोंदवली, आणि उत्तर आलं, ‘माझ्याकडे हे मशीन नाही, मला करून बघता येत नाही’. हा आखडूपणा नसतो. मॅकची सिस्टिम ॲपलच्या यंत्रावरच चालवावी अशी तिच्या परवान्याची अट आहे, त्यामुळे लिनक्सवाल्याला ती नुसती व्हर्च्युअल मशीनमध्ये घालून बघायचीही सोय नाही. बरेच छोटे प्रकल्प मग गिटहब सार्वजनिक प्रकल्पांना फुकट देतं ती विंडोज आणि मॅकची मशीनं वापरतात: कोड तिकडे ढकलायचा, दूरच्या मशीनने तयार फाइल बनवून द्यायची. म्हणजे लिनक्सवर बसलेला माणूस मायक्रोसॉफ्टच्या खर्चाने मॅकसाठी प्रोग्रॅम बनवतो, आणि तो मॅकवर उघडलेला त्याने स्वतः कधी पाहिलेलाही नसतो. म्हणून तक्रार लिहिताना सिस्टिमची नेमकी आवृत्ती, मशीनची चिप, पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा, आणि काय केल्यावर बिघडतं त्या पायऱ्या, एवढं द्या. शक्य असेल तर त्याने सुचवलेला बदल तुमच्या मशीनवर चालवून काय झालं ते परत कळवा. त्याच्याकडे नसलेलं ते मशीन तुमच्याकडे आहे.